सारथी म्हणजे कोण

नार्वे,
४ जानेवारी २०२५

ती. गोकुळदासमामांस,
अमोलचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितो. पायाचं प्लास्टर निघालं. काठी टेकत देवळापर्यंत जातो, आत जायचा धीर होत नाही. पंधरा तारखेला कोर्टात जबाब आहे. उतरणीवर ब्रेक लागला नाही, मी दारातून फेकला गेलो, असंच सांग म्हणतात वकील.

तुयेच्या कारखान्यातल्या बायकांसाठी मी बस घेतली, तेव्हा काचेवर ‘सारथी’ तुम्हीच लिहून घेतलंत. बस चालवतो म्हणून सगळे मला शोफेर म्हणायचे, सुविधा तेवढी सारथीबुवा म्हणून चिडवायची. त्या शब्दाचा खरा अर्थ काय, कळवाल?

तुमची लेक माझ्याच गाडीत गेली. तरी लोभ ठेवा म्हणायचं धाडस करतो.

आपला,
अमोल


कोरगाव,
८ जानेवारी

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

जन्मभर मराठी शिकवलं, पण सुविधा गेल्यापासून शब्दाचा अर्थ विचारणारा तू पहिलाच. ‘स’ म्हणजे सह. सरथ म्हणजे रथासह असलेला, त्यावरून सारथी. लगाम-चाबकाचं त्यात नावही नाही. नुसता सोबत असलेला.

येणारेजाणारे तुला नको ते बोलतात. मी त्यांना सांगतो, आमचा भाचा शेवटपर्यंत स्टिअरिंग धरून होता. माझी पोर एकटी नव्हती, एवढ्यावर दोन घास जातात. मामी मात्र काजूच्या भाटात, झाडांखाली जाऊन बसते.

पाय जप. मामाला विसरू नकोस.

गोकुळदास


नार्वे,
११ जानेवारी

मामा,

मी फेकला गेलो नाही. उडी मारली.

ब्रेक लागेना तेव्हा सुविधा उठून माझ्यापाशी आली, हँडब्रेक ओढ म्हणाली. मी दार उघडलं. रस्त्यावर पडता पडता पाहिलं, ती दोन्ही हातांनी दांडा ओढत होती.

कोर्टात हेच सांगणार. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं. क्षमा मागत नाही.

अमोल


कोरगाव,
२० जानेवारी

अमोल,

चंद्रावतीमामी लिहिते. तुझं पत्र यांनी वाचलं, माझ्या हातात दिलं आणि दोन दिवस पानावर बसले नाहीत. कोर्टात तू खरं सांगितलंस, असं शेजारचे कृष्णनाथ येऊन सांगून गेले.

बस दरीच्या तोंडाशी आंब्याला अडली, मागच्या सात जणी वाचल्या. देवानेच वाचवल्या, असं म्हणत होते सगळे. काल त्यांतल्या सत्यवतीकडे गेले आणि माझ्या लेकीने काय केलं ते सांगितलं. ती माझा हात धरून रडली. मी पहिल्यांदाच रडले.

तुझा राग आहे मला. जाईल की नाही, ठाऊक नाही. बोलावल्याशिवाय येऊ नकोस.

आशीर्वाद लिहायला घेतला होता. हात चालला नाही.

मामी