निरोगी माणसाची नळी

बाई, तुमच्या खुर्चीवर आता मी बसतो. जालन्यातली लॅब तीच, फ्रिज तोच, पंखा तेवढा नवा आला. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमची आठवण काढायला मला सवड झाली न्हाई, हे खरंच सांगतो. आता काढतोय, कारण माझी पोरगी गेली आणि हे दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड उरलं न्हाई.

आष्टीचं ते लेकरू आठवतं? मी तेव्हा नवाच होतो. त्याच्या रक्तातला एक एन्झाइम काम करतो की नाही ते बघायला नमुना बर्फात घालून पुण्याला जायचा. तिथलं यंत्र इतकं बारीक मोजायचं की वाटेत लागलेलं ऊनही त्यात दिसायचं. म्हणून सोबत एका निरोगी माणसाचं रक्त पाठवायचं. दोन्हींचं माप उतरलं तर दोष वाटेचा, नुसतं लेकराचं उतरलं तर आजार. मी त्या लेकराच्या सख्ख्या काकाचंच रक्त काढून बसलो. तुम्ही नळी हातातून हिसकावलीत. ‘अरे येड्या, घरातल्याचं चालत न्हाई म्हणून किती डाव सांगू? आजार घरातूनच येतो. काका दिसायला पहिलवान, पन त्याचा एन्झाइम निम्माच असंल, मंग काय कळायचं?’ आणि बाही वर करून हात पुढं केलात. ‘माझं घे. माझं हितं कुणाशी नातं न्हाई, बराबर चालतंय.’ त्या दिवसापासून दर वेळी तुमचाच हात.

माझी पोरगी सात महिन्यांची झाली तरी मान धरेना. डॉक्टरांनी तीच तपासणी सांगितली. घरात त्याआधीच सुरू झालं होतं. बायको माझ्या मामाचीच पोरगी, तरी आई म्हणून राह्यली, ‘आमच्यात असलं कुणाला न्हाई बाप्पा, हे तिच्या आईकडचं.’ बायको भिंतीकडं तोंड करून बसायची. मी पोरीचं रक्त काढलं आणि सोबतच्या नळीसाठी माझीच बाही वर केली.

पुण्याहून फोन आला. ‘सोबतचा नमुनाही निम्म्यावर आलाय. वाटेत तापलं वाटतं. दोन्ही बाद, पुन्हा पाठवा.’ मी पार्सलवाल्याला भर चौकात शिव्या घातल्या. बिचारा हात जोडून म्हणत राह्यला, ‘बर्फ बराबर होता साहेब.’ तेवढ्यात पोरीला न्यूमोनिया झाला, पुन्हा नमुना जाईपर्यंत पाच आठवडे गेले. या वेळी वॉचमनचं रक्त सोबत दिलं. त्याचं पूर्ण भरलं, पोरीचं जवळपास काहीच न्हाई. औषध होतं, बाई. डॉक्टर म्हणाले, हृदय एवढं सुजायच्या आधी सुरू झालं असतं तर आशा होती. नववा महिना संपता संपता ती गेली.

बायको अजून त्या पार्सलवाल्याला शाप देते. मी ऐकून घेतो आणि जेवतो. हा कागद तुमच्या जुन्या रजिस्टरात ठेवून देईन, वॉचमनलाही कळणार न्हाई.

तुम्ही म्हणाल, घाईत विसरला येडा. विसरलो नव्हतो, बाई. दंडाला पट्टा बांधताना तुमचा आवाज कानात होता, आणि वॉचमन दारातच बसला होता. पण माझ्या नळीपुढं पुण्याहून ‘निरोगी’ असं लिहून यावं आणि तो कागद बायकोपुढं टाकावा, असं मला वाटलं होतं.