गालाच्या हाडापर्यंत

१० मार्च, सोमवार

फ्रिम्पोमाच्या जबड्याच्या ऑपरेशनला प्रोफनी नाही म्हटलं. सगळ्या विभागासमोर!

"आक्या, वर डोळा असतो. बोटभर चुकलीस तर बाई एका डोळ्याने बातम्या वाचेल."

सगळे हसले. मीही हसले — मूर्खासारखी.

बाहेर बाकावर फ्रिम्पोमा बसली होती. एकोणीस वर्षं अख्खं कुमासी शहर रेडिओवर हिच्या आवाजाने जागं होतं. पंधरा वर्षांपूर्वी तिची ट्रोट्रो मिनीबस उलटली आणि वरचे सगळे दात गेले. तेव्हापासून कवळी. कवळीखालचं हाड झिजत झिजत गेलं, आता तिला धरायला काही उरलंच नाही. गेल्या महिन्यात बातम्या चालू असताना कवळीच सुटली. थेट प्रक्षेपणात! लोकांनी स्टेशनला फोन करून विचारलं, "बाईंचे दुधाचे दात पडले का?" एप्रिलअखेर बोलणं सुधारलं नाही तर सकाळचा कार्यक्रम दुसऱ्या कुणाकडे जाणार.

"काय म्हणाले?" तिने विचारलं. तोंडावर हात धरूनच बोलते आता.

"विचार करतायत," म्हटलं. साफ खोटं.

११ मार्च, मंगळवार

प्रोफ अडुसेईंचंही पूर्ण चुकत नाही. तिच्या वरच्या जबड्यात मागे, सायनसच्या पोकळीखाली, हाड जेमतेम तीन मिलिमीटर. त्यात दात बसवायचा स्क्रू काय धरणार! त्यांची रीत अशी — बाजूने हाडाला खिडकी पाडायची, आतलं पातळ अस्तर वर उचलायचं, खाली हाडाची भर घालायची आणि नऊ महिने थांबायचं. तेच दोन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात तिच्यावर झालं. पू झाला, सगळी भर वाया गेली.

माझी रीत — जबड्याचा नाद सोडायचा. लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात नेऊन रोवायचा. ते हाड कवळीखाली झिजत नाही. दोन बाजूंना दोन, पुढे थोडं हाड शिल्लक आहे तिथे दोन साधे. तीन दिवसांत दात!

साओ पाउलोला सहा आठवडे हेच शिकले. चार रुग्ण केले, पण शिकवणारे डॉ. वाल्दिर शेजारी उभे होते. ते २४ तारखेला इथे येणार आहेत. माझी हिंमत ती तेवढीच.

१४ मार्च, शुक्रवार

प्रोफ तयार! "वाल्दिर येत असेल तरच. गाडी तो चालवणार. तू फक्त मागे बसायचं."

बसते. कुठेही बसते.

१६ मार्च, रविवार

चर्चमधून येताना साठ अंडी आणली. सराव असा — ड्रिलने कवच घासून काढायचं, आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. सायनसचं अस्तर असंच असतं. पहिली अकरा फुटली. ओटा, झगा, केस — सगळीकडे बलक.

समोरच्या घरातली सिस्टर डुफी आली. आमच्या ऑपरेशन थिएटरची खरी मालकीण तीच. दारातूनच म्हणाली, "कुणाचं लग्न काढलंस गं?"

बाराव्याला जमलं. नखाएवढी खिडकी, आत पापुद्रा अख्खा, त्यामागे बलक हलतोय! मी ओरडलेच. डुफीने शांतपणे फुटलेली अकरा गोळा केली, कांदा-मिरची घालून तव्यावर टाकली. "डॉक्टरीणबाई, हाही पापुद्रा खा."

२२ मार्च, शनिवार

वाल्दिरचा पाय मोडला. येत नाहीत.

२३ मार्च, रविवार

दुपारी प्रोफच्या घरी गेले. पडवीत पेपर वाचत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रद्द कर."

फ्रिम्पोमाच्या स्कॅनवरून बनवलेली प्लास्टिकची कवटी पिशवीतून काढली, त्यांच्या पेपरवरच ठेवली आणि ड्रिल घेऊन कामाला लागले. उजवी बाजू, मग डावी.

त्यांनी कवटी उलटसुलट करून पाहिली. स्क्रूचं टोक कुठे निघालंय का, ते डोळ्याच्या खोबणीत बोट घालून चाचपलं. "उजवी पुन्हा कर."

पुन्हा केली.

मग म्हणाले, "उद्या मी खोलीत उभा राहीन. हात लावणार नाही. मला येत नाही ते."

बारा वर्षांत प्रोफच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

२४ मार्च, सोमवार

झालं! झालं! झालं!

सगळं लिहून ठेवते.

भूल देण्याआधी फ्रिम्पोमाने माझं मनगट धरलं. "डॉक्टर, जीभ सांभाळा. बाकी तुमचं."

उजवी बाजू कवटीवर झाली तशीच. हिरडी गालाच्या हाडापर्यंत उचलली, सायनसच्या भिंतीला खिडकी पाडली, अस्तर आत ढकललं — अख्खं! डाव्या हाताचं बोट बाहेरून डोळ्याखालच्या कडेवर टेकवलेलं, म्हणजे ड्रिल तिकडे वळलंच तर बोटाला आधी कळेल. पंचेचाळीस मिलिमीटरचा स्क्रू गेला, शेवटी आवळला, पाना थांबला. डुफी मास्कमधून म्हणाली, "धरलं!"

डावीकडे पाना थांबेना. स्क्रू नुसता फिरतोय. हाड आतून पोकळ, स्कॅनमध्ये दिसलं त्याहून कितीतरी.

प्रोफ माझ्या खांद्यामागे होते. "आक्या, थांबूया. तीनवर भागव."

तीनवर भागत नाही. त्यांनाही ठाऊक, मलाही.

"पन्नासचा द्या," मी म्हटलं. तो एकच होता. डुफीने तो आधीच हातात धरला होता!

पहिला काढला. थोडं मागून सुरुवात केली, सायनसच्या भिंतीबाहेरून, गालाच्या हाडाच्या जाड भागाकडे. सावकाश. आधी पिकल्या केळ्यासारखं मऊ लागलं, मग एकदम ओडुमच्या लाकडासारखं टणक. तो फरक हाताला कळला तेव्हा अंगावर काटा आला. स्क्रू घातला. पाना थांबला. आणखी जरा जोर दिला तर फ्रिम्पोमाचं अख्खं डोकं हललं, स्क्रू नाही हलला!

प्रोफनी कापसाने माझं कपाळ पुसलं.

पुढचे दोन साधे स्क्रू तर मी गुणगुणत बसवले.

२५ मार्च, मंगळवार

फ्रिम्पोमाचे दोन्ही डोळे शाबूत. माझी बोटं बरोबर मोजली. वर म्हणाली, "तुमच्या नखांना रंग लावा जरा."

२७ मार्च, गुरुवार

आज दात बसवले. स्क्रूंवर घट्ट आवळले. आरसा दिला तर तिने बाजूला सारला. डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "फ्रिम्पोमा."

पुन्हा, जरा मोठ्याने. "फ्रिम्पोमा!" 'फ' अगदी स्वच्छ, कुठे शिट्टी नाही, हवा नाही. कवळी सैल झाल्यापासून स्वतःचं नाव नीट घेता आलं नव्हतं बाईला. मग आरशात बघितलं आणि रडायलाच लागली. डुफीसुद्धा! ती कधी रडत नाही.

दोन-तीन महिने मऊच खायचं, असं बजावलं. "फुफू चालेल?" विचारते. "फुफूचा मऊ गोळा गिळायचाच असतो," मी म्हटलं, "त्याला दात कशाला?" तर म्हणाली, "मग इतकी मेहनत कशासाठी केलीत? भाजलेला मका कधी देताय ते सांगा."

२८ एप्रिल, सोमवार

सहा वाजता वॉर्डात रेडिओ लावला. सफाईवाल्या बाया झाडू घेऊन उभ्या, रुग्ण उठून बसलेले.

"कुमासी, उठा! मी फ्रिम्पोमा."

तासभर एक अक्षर अडलं नाही. शेवटी श्रोत्यांना म्हणाली, "दुधाचे पडले होते. पक्के आले."

वॉर्डात एकच गलका! मी बाथरूममध्ये जाऊन नाचले. खरंच नाचले.

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी प्रोफ माझ्या खोलीत आले. कडी लावली. खिशातून रुमाल काढला, तोंडापाशी नेला आणि वरची अख्खी कवळी माझ्या टेबलावर ठेवली.

तेवीस वर्षं! विभागात कुणालाही पत्ता नाही.

गाल आत गेलेले. आवाज तर ओळखूच येईना.

"वाल्दिरचा पाय बरा झाला तरी त्याला बोलावू नकोस," म्हणाले. "तूच कर."