शांभवीला चपातीच द्या

अहो,

मी पहिल्या एसटीनं औशाला शाळेवर चालले. शांभवी उठली की तिला चपातीच द्या, भाकरी नको.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून काल तुम्ही पेढे वाटलेत. नंतर मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "पोरगी रोज गहू खात होती ना?" मी हो म्हणाले. मागून तुमची आई म्हणाली, "कुठं खायली? चपातीनं लेकराचं पोट फुगतंय. माझ्या वाटची भाकरी मी तिलाच घालायले."

डॉक्टर चिडले. गहू पोटात जात असला तरच सिलियाकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, खूण रक्तात दिसते म्हणे, नाहीतर रिपोर्ट चांगलाच येणार. आता दीड महिना गहू खाऊ घालून पुन्हा रक्त द्यायचं. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला.

आईंना बोलू नका. दुष्काळात ज्वारी पुरेना, रेशनचा गहू घरात आला आणि पोरगी वाळायला लागली, हे त्यांनीच ओळखलं. आपण जंत म्हणत बसलो. पण मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं त्यांना?

उलट्या झाल्या तर डॉक्टरांना फोन करा. नुसती पोट धरून रडली तर जवळ घ्या, पण भाकरी देऊ नका.

शाळा दहाची आहे. मला आज माझ्या हातानं तिला चपातीचा घास भरवणं जमणार नाही, म्हणून लवकर चालले.

महादेवी