प्रश्नचिन्हाच्या जागी

लोहा, जि. नांदेड
सोमवार, ता. १२ ऑगस्ट २०२४

रुद्राणी,

आजीचा आशीर्वाद घे. नको असला तर बाजूला ठेव. तू फोन उचलत न्हाईस म्हणून कागद लिहून राहिले. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, नाक मुरडू नकोस. इकडं सगळे बरे. तुझ्या मामानं पत्रे बदलले, तरी गळतंयच. लातूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतंय?

काम सांगते. दोन वर्षांमागं तुझ्या आईनं स्वतः म्हणलेल्या गाण्यांचं कार्ड मला पाठवलं होतं. छोट्या स्पीकरात घालून ऐकते. पण त्याच्या काचेवर नुसते आकडे दिसायचे. गुरुवारी मोबाइलच्या दुकानात शिवकुमारकडं नेलं. म्हणला, "आज्जी, दामिनीताईनं गाण्याच्या पोटात नावं लिहून ठेवलीत. तीच फायलींना देतो, मग काचेवर नावं दिसतील."

एका नावापाशी कॉम्प्युटर अडला. "ह्यात प्रश्नचिन्ह हाय आज्जी. फायलीच्या नावात ते चालत न्हाई. काढू?"

"काढ की. त्याच्यानं काय गाणं बेसूर होतंय?"

दुकानातले सगळे हसले. मी बी हसले.

घरी येऊन बघते तर अठराची सतरा. परत गेले. शिवकुमारचं तोंड उतरलं. दोन फायली होत्या. एक 'आई येऊ का', ते गाणं. दुसरी 'आई येऊ का?' चिन्ह गेलं, दोघींचं नाव एकच झालं, अन् एकीवर दुसरी बसली. कार्ड पुसून नव्यानं भरलेलं, त्याच्याजवळ बी काही उरलं न्हाई. त्याला तोंडाला येईल ते बोलले. गलती माझी होती.

जे गेलं ते गाणं नव्हतं, तिचं बोलणं होतं. माझं ऐकायचं राहून गेलं होतं.

न्हाई. खरं लिहिते. राहून गेलं नव्हतं. कार्ड आलं त्याच दिवशी लावलं. "आई," एवढंच म्हणली अन् खोकली. मी बटण दाबून बंद केलं. काय विचारणार ते मला ठाऊक होतं. आजारी हाय, महिनाभर येऊन पडते, असं फोनवर दोनदा विचारून झालं होतं. मी म्हणले, सासर सोडून इथं पडून राहिलीस तर गावाला काय सांगू? तिसऱ्यांदा तिनं कार्डावर विचारलं. चार महिन्यांनी खबर आली. तुला हे माहीत हाय, म्हणूनच बोलत न्हाईस. नको बोलूस.

पण तिचा जुना मोबाइल तुझ्याजवळ हाय. त्यात ते असंल. विकू नकोस, पुसू नकोस, कुणाच्या हातात देऊ नकोस. चार दिवस झाले, घास उतरत न्हाई. हात जोडते. मी कुणाला हात जोडलेले तू कधी पाहिलेस? 'आई'च्या पुढं ती काय म्हणली ते मला ऐकायचंय. शिव्या असल्या तरी ऐकायच्यात.

सापडलं तर ते चिन्ह नावात ठेवता येणार न्हाई. शिवकुमार म्हणतो, जागा रिकामी सोडली की पुन्हा एकावर एक बसतील, तिथं दुसरं काहीतरी लिहायचं.

'ये' लिही.

उशीर केलेली,
तुझी आजी गुरम्मा