पडद्यावरचं एकच नाव

डोंबिवली, ३ सप्टेंबर १९९९

प्रिय मंजुळाताई,

कान्हाचा नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, असं आयेला सांग. सुके बोंबील मिळाले. नारळी पौर्णिमेनंतर बाबांची होडी निघाली का?

आमचा कॉम्प्युटर झाला. खोलीतल्या माझ्या जोडीदारानं, कॉस्मासनं, आणि मी सुटे भाग आणून तो जोडला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, घातलं. ते सगळ्यांना खुलं असतं, कुणीही वापरावं, सुधारावं. त्यावर दोघांनी सहा महिने खपून ग्रंथालयासाठी प्रोग्राम लिहिला.

काल तो विकायचा म्हणून ठाण्याच्या एका कॉलेजात दाखवला. पडद्यावर फक्त कॉस्मासचं नाव होतं. प्राचार्यांनी माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "हा वायरी जोडायला आलाय." ताई, मी खरंच वाकून वायरी जोडत बसलो.

बाहेर आल्यावर विचारलं, "माझं नाव का काढून टाकलंस?"

"अरे, दोन नावं बरी दिसत नाहीत रे."

आज तोच प्रोग्राम मी ओळखीच्यांना फुकट वाटला. खुल्या कामात लिहिणाऱ्याचं नाव पुसत नाहीत, म्हणून आधी कॉस्मासचं लिहिलं, मग माझं.

आयेला हे कळू देऊ नकोस. तिनं त्याला गणपतीला जेवायला बोलावलंय. मी प्रोग्राम फुकट वाटला हे कळल्यावर तो काही येणार नाही. का आला नाही असं तिनं विचारलं, तर काय सांगू?

तुझा धाकटा,
कान्हा