चर्चमधला पाटा

५ ऑक्टोबर
पोचले. घर छान आहे. पार्सिपनी शहराहून तासभर आत, शेतांच्या मधोमध. राजस आणि शरयूने मागच्याच महिन्यात घेतलं. आता मी इथेच राहायचं, असं मुला-सुनेने परस्पर ठरवलंय. नात अनया सात वर्षांची, गोड आणि फार लाडावलेली.

मागच्या झाडीत चर्चचे अवशेष आहेत. मूळ बाराशे वर्षांपूर्वीचं, आयर्लंडमधलं. कुणा धनिकाने दगड न् दगड जहाजाने आणून इथे पुन्हा उभं केलं. तेही पडलं.

७ ऑक्टोबर
वरवंटा नागपूरहून आणला होता. पाटा विमानात नेण्यासारखा नव्हता. आज अवशेषांत नेमका पाट्याच्या मापाचा दगड सापडला. वर एक चेहरा कोरलाय, ओठ मुडपलेले, शाळा तपासनीसासारखा. राजसकडून ढकलगाडीतून आणवला. शरयू म्हणाली, आई, मिक्सरने काय घोडं मारलंय?

८ ऑक्टोबर
चेहऱ्यावर चटणी कशी वाटणार? छिन्नी-हातोडी घेऊन पाट्याला टाकी लावली. आधी डोळे सपाट केले, मग नाक. हात दुखले, ओठ तसेच ठेवले. तेवढ्या जागेत खोबऱ्याची चटणी झाली. झकास.

१० ऑक्टोबर
सकाळी उठल्यापासून अनयाला दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत दोष नाही. शरयू रडते आहे. मी तिला रागावले. रडून काय होणार?

१२ ऑक्टोबर
आज अनयाला वासही येईना. आधी डोळे, मग नाक. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी पाटा पाहिला. मुडपलेले ओठ आता हसताहेत.

१३ ऑक्टोबर
दगड ढकलगाडीने परत नेऊन ठेवला. हात जोडले, माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच. घरी आले तर— तो ओट्यावर. वरवंट्यासकट.

१४ ऑक्टोबर
टाकी मी लावली. पोरीचा काय दोष? त्याला स्पष्ट सांगितलं— तिला दिसू दे, मग हवं ते कर. ओठ आणखी फाकले.

१५ ऑक्टोबर
अनयाला दिसतंय!

मला नाही. कागदाची कड चाचपून लिहिते. हरकत नाही, मीच कबूल केलं होतं.

शरयू ओरडते आहे— काही दिसत नाही म्हणते. राजसही—

दोघं गप्प झाले. एकदम.

अनया दारात आहे. आत येत नाही. म्हणते, आई-बाबांना चेहराच नाही. तिला दिसू दे म्हटलं होतं— एवढ्यासाठीच दिसू दिलं का त्याने—

हाका मारते आहे, आजी, आजी. बघू नकोस म्हणायला मी तोंड उघ—