चार बोटांचं हवाई अंतर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (विमानाच्या खुर्चीने कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांगातली निम्मी अंगं मनातल्या मनात.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजी काही म्हणतात का, की अजून नुसतीच मान हलवतात? 'भाऊ समोर येऊन उभा राहिल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही' असा हट्ट तू धरलास आणि माझ्या जिवाला घोर लावलास. डॉक्टर म्हणतात उशीर नको, तू म्हणतेस भाऊ हवा. अगं, मी शिंपी आहे, भूल देणारा नाही!

तरी म्हटलं, अंतर तरी बघू. दुकानासमोरच्या शाळेत भिंतीवर नकाशा आहे. गळ्यातली टेप काढली आणि माझ्या शहरापासून तुझ्या शहरापर्यंत लावली. भरलं चार बोटं. सवयीने शिवणीसाठी बोटभर दाब धरला, तरी पाचच. बायकोला सांगितलं, एवढं तर रुमालाच्या कडेला लागतं, जेवायला घरी येतो. तिने निमूटपणे माझे तीन दिवसांचे कपडे भरले. (ही बाई बोलत नाही तेव्हाच खरी भीती वाटते.)

विमान उडालं ते थेट उलट्या दिशेला! मग वळलं, तुझ्या शहरावर पोचलं आणि (धुकं होतं म्हणे) तिथेच घिरट्या घालत बसलं. सरळ कापायच्या कापडाला हा पायलट बाबा गोल कात्री लावत होता. माझ्या दुकानात असता तर त्याच संध्याकाळी घरी बसवला असता. हे त्याला पुढे जाऊन सांगणार होतो, पण हवाई सुंदरीने मला पट्ट्याने बांधून टाकलं. (पट्ट्याची शिवण मात्र झकास, दुहेरी.) उतरताना मी शेजारच्या वकिलांचा हात घट्ट धरला. त्यांनी सोडवून बघितला, मग नाद सोडला.

असो, उतरलो एकदाचा. अंतर चार बोटंच आहे, यावर मी अजून ठाम आहे. तू मात्र माझ्यासाठी अडून न बसता ऑपरेशन उरकून घे. जुनी बिजागरी काढायची, नवी बसवायची. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? भावोजींना नमस्कार.

तुझा,
बटण

ता. क. फोन लागत नाही म्हणून चिडू नकोस. उडण्याआधी वकिलांनी त्यात विमानाचं काहीतरी चालू करून दिलं. मी उतरलो, फोन अजून हवेतच आहे.

आणखी ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, तुमच्या वॉचमनबरोबर वर पाठवलंय. मी खाली त्याच्याच स्टुलावर बसलोय. तुमची लिफ्ट बंद आहे आणि चार मजले मला चढवत नाहीत. जन्मभर पायमशीन हाणून माझेही गुडघे गेलेत, ताई. मलाही डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलंय. तुला बोललो नाही, कारण मला भयंकर भीती वाटते. तुला उतरवत नाही, मला चढवत नाही. आपल्यातलं हवाई अंतर आता चार मजले.

शेवटचं ता. क. तेव्हा डॉक्टरांना विचार, शेजारशेजारच्या खाटांवर दोघांचं एकदमच उरकता येईल का. पण आधी खिडकीत ये. मी समोर उभं राहावं ही तुझी अट होती ना? स्टुलावरून उठून उभा राहिलोय. लवकर ये, गुडघे दुखतायत.